एका हाकेसरशी

आमच्या मंडळाला सत्काराचा नाद आहे. दुबई-शारजात नोकरी करणारी दीड-दोनशे मराठी कुटुंबं, वर्षाला पाच-सहा कार्यक्रम, आणि प्रत्येक कार्यक्रमात कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर शाल पडलीच पाहिजे. मुलीला दहावीत नव्वद टक्के मिळाले, घाला शाल. नोकरी संपवून पुण्याला परत चालले, घाला शाल. एकदा सत्कारमूर्ती आयत्या वेळी आलेच नाहीत, तर माइक लावणाऱ्या माणसाला बोलावून त्याला घातली, कारण शाल आणलेली होती. इथल्या उकाड्यात शाल कशाला, असं मी एकदा सभेत विचारलं. तेव्हापासून मी चहापाणी समितीत आहे.

माझा नवरा वासुदेव या मंडळाचा चिटणीस. मी त्याला नावानेच हाक मारते, सासूबाईंना ते शेवटपर्यंत रुचलं नाही. मंडळाची मानपत्रं तोच लिहायचा आणि मनापासून लिहायचा. ऑफिसात दिवसभर 'विथ रेफरन्स टु युअर लेटर' करून आलेला माणूस रात्री जेवणाच्या टेबलावर बसून 'कर्तृत्वाच्या तेजाने उजळलेले' वगैरे लिहायला लागला की त्याचा चेहराच बदलायचा. मी चिडवायचे, पण मला ते आवडायचंही. बारा वर्षं वाळवंटात काढलेल्या माणसाला कुठेतरी ओलावा हवा असतो.

ही गोष्ट १९९८ सालची. वासुदेव शारजातल्या एका बांधकाम कंपनीत पर्सोनेल मॅनेजर होता. कामगारांचे व्हिसा, रजा, राहण्याच्या खोल्या, सगळं त्याच्या गळ्यात. कंपनीचा लेबर कॅम्प औद्योगिक क्षेत्राच्या अगदी मागच्या अंगाला होता, गॅरेजं संपतात आणि भंगारवाल्यांची आवारं सुरू होतात त्याच्याही पलीकडे. तिथे चारशे माणसं राहायची. कामावरून आणणारी बस मात्र त्यांना डांबरी रस्त्यावरच उतरवायची. पुढे भुसभुशीत वाळू. चाकं रुततील म्हणून बसवाला आत जायला तयार नाही आणि रस्ता करून द्यायला कंपनी तयार नाही. दिवसभर स्लॅबवर भाजून निघालेली माणसं शेवटची वीस मिनिटं अंधारात, भंगाराच्या ढिगांमधून पाय ओढत जायची.

त्या वाटेवर लुटारू बसायचे. दिवे बंद केलेली पिकअप, आत चार-पाच जण. 'सीआयडी' म्हणून पुढे यायचे आणि 'बताका दिखाओ' म्हणायचे. बताका म्हणजे लेबर कार्ड. माणसाने खिशात हात घातला की जे असेल ते काढून घ्यायचे, घड्याळ, साखळी, टेपरेकॉर्डर, आणि जाताना ते कार्डही. मग दुसऱ्या दिवशी खरे पोलीस धरायचे, कार्ड नाही म्हणून. एक जण रजेवर गावी निघाला होता, वर्षभर एकेक करून जमवलेल्या वस्तूंनी त्याची बॅग भरलेली. ब्लँकेटं, साबण, मुलांची खेळणी. टॅक्सी पकडायला डांबरी रस्त्याकडे चालला होता. विमानात बसला तेव्हा त्याच्याजवळ फक्त पासपोर्ट होता, तोही कंपनीचा माणूस विमानतळावर घेऊन आला होता म्हणून वाचला. वासुदेवने हे सगळं वर कळवलं. वरून उत्तर आलं की ही वाट कंपनीच्या आवारात येत नाही.

यावर उपाय केला तो भिकाजीने. भिकाजी देवगडकडचा, शटरिंगच्या सुतारांचा फोरमन, पन्नाशी ओलांडलेला, हाडापेराने मोठा पण बोलायला हळू. मंडळाच्या गणपतीचं मखर दरवर्षी तो करायचा, साइटवरच्या टाकाऊ प्लायवूडमधून. त्या निमित्ताने त्याचं आमच्याकडे येणंजाणं होतं. मला वहिनी म्हणायचा. माझे उकडीचे मोदक अख्ख्या मंडळात नावाजलेले, पण "वहिनी, खोबरं सुकं वापरलंत ना?" असं तोंडावर विचारणारा तोच एक. ओला नारळ इथे वेळेला मिळत नाही हो, म्हटलं तर नुसता हसला.

त्याच्या वाडीत घरं लांब लांब, या डोंगरावर एक आणि त्या डोंगरावर एक. तिथे कुणी अडचणीत सापडलं की दोन्ही तळवे तोंडाशी धरून कुकारा घालतात, आणि ऐकेल तो हातातलं काम टाकून धावतो. भिकाजीने तोच कुकारा कॅम्पला शिकवला. बसमधून उतरल्यावर दहा-बाराच्या टोळक्याने चालायचं. वाटेत कुणी अडवलं की कुकारा घालायचा. ज्याच्या कानावर पडेल त्याने पुढे द्यायचा आणि फावडं, पाइप, मिळेल ते घेऊन धावायचं. बिहारी, मल्याळी, पठाण, सगळ्यांचे गळे वेगळे, सगळ्यांच्या हाका वेगळ्या, पण शिकले. एकदा संध्याकाळी आम्ही कॅम्पवर प्रसाद द्यायला गेलो होतो, तेव्हा भिकाजीने मला एका पठाण बुलडोझरवाल्याकडून तो घालून दाखवला. आणि भिकाजीला आधी सगळ्या खोल्यांना सांगून यावं लागलं होतं की आता ऐकाल तो खोटा आहे, धावू नका.

फेब्रुवारीत त्यांनी त्या टोळीतल्या दोघांना पकडलं. पोलिसांच्या हवाली केलं. त्यातला एक आमच्याच कंपनीतून दोन वर्षांपूर्वी पळालेला वेल्डर निघाला. पळाला म्हणजे कागद गेले, कागद गेले म्हणजे काम मिळत नाही, आणि काम मिळत नाही म्हणून माणूस कधी ना कधी पिकअपमध्ये बसतो. भिकाजीने पोलीस येईपर्यंत त्याला चहा पाजला. "माझ्याच हाताखाली होता, वहिनी," तो मला म्हणाला. "शिवण अशी घालायचा वेल्डिंगची, की बोट फिरवत राहावं." वासुदेवला मी ते सांगितलं. त्याने मानपत्रात ते घेतलं नाही. सत्काराच्या वेळी बरं दिसत नाही म्हणाला.

कारण मानपत्राचं ठरलं होतं. त्या वर्षी एक मे नेमका शुक्रवारी आला, सुट्टीच्या दिवशी. महाराष्ट्र दिनही तोच आणि कामगार दिनही तोच. "यंदा एका कामगाराचा सत्कार करू," वासुदेवने सभेत मांडलं आणि सगळी सभा स्वतःच्याच मनाच्या मोठेपणाने गहिवरली. शाल तीस दिरहमची, म्हणजे सव्वातीनशे रुपयांची, आणायची की पन्नासची, यावर मात्र अर्धा तास गेला. कंपनीने हॉलचं भाडं दिलं, म्हणून कंपनीचे जनरल मॅनेजर मिस्टर हद्दाद प्रमुख पाहुणे. लेबनॉनचा माणूस, नेहमी इस्त्रीतला, कधी कुणावर आवाज न चढवणारा.

भिकाजी पांढरा शर्ट घालून आला आणि आधी माझ्याकडे, चहाच्या टेबलापाशी आला.

"वहिनी, साहेबांना सांगा ना, मला नको हे."

"का हो?"

"माणसं आहेत म्हणून झालं ते. मी एकटा काय करणार होतो? आणि कॅम्पात माणसं हसतील."

"हसू देत. घ्या, चहा घ्या."

चहा देऊन मी त्याला स्टेजकडे पाठवलं. वासुदेवने मानपत्र वाचलं. आवाज चांगला आहे त्याचा. शेवटाकडे आल्यावर थोडा थांबला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "ज्यांच्या एका हाकेसरशी चारशे माणसे उठून उभी राहतात, असे आमचे भिकाजी." टाळ्या थांबेनात. मग प्रमुख पाहुण्यांना कळावं म्हणून त्याने तेच वाक्य इंग्रजीत सांगितलं, त्यातही थोडी भर घालून. हद्दादने मान वळवून भिकाजीकडे प्रथमच नीट पाहिलं. मग त्यानेही टाळ्या वाजवल्या. मानपत्र सोनेरी फ्रेममध्ये होतं. भिकाजीने ते कॅम्पमधल्या आपल्या खाटेच्या वर लावलं, साहेबांनी दिलेलं ट्रंकेत कसं टाकायचं म्हणून.

जुलैमध्ये टोळीने सूड उगवला. इद्रीस म्हणून बिहारचा एक गवंडी होता, भिकाजीच्याच खोलीतला. त्या दिवशी त्याला साइटवर उशीर झाला, टोळकं पुढे निघून गेलं आणि तो एकटाच चालत होता. या वेळी त्यांनी बताकाबिताका काही मागितलं नाही, सरळ लोखंडी गजांनी मारलं. त्याने कुकारा घातला. कॅम्पमधून उलट आवाजही आला, माणसं धावलीही, पण तोवर त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला होता आणि डोकं फुटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बसेस डांबरी रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. माणसं चालत तिथपर्यंत आली आणि खाली बसली. घोषणा नाहीत, झेंडा नाही, काही नाही. बस कॅम्पच्या गेटपर्यंत येईल तेव्हा चढू, एवढंच. कुणी ठरवलं, तर कुणीच नाही. पुढचे दोघे बसले म्हणून मागचे बसले. भिकाजी तर तेव्हा तिथे नव्हताच. तो इस्पितळात इद्रीसच्या उशाशी होता. तो परतला तेव्हा सगळे बसलेलेच होते, म्हणून तोही त्यांच्यात जाऊन बसला.

या देशात संप करायला बंदी आहे. संप केला तर पुढाऱ्यांची रवानगी होते, पासपोर्टवर बंदीचा शिक्का, पुन्हा कधी येणं नाही. भिकाजीचं अर्धं आयुष्य आखातात गेलं होतं, गावात त्याला आता कुणी सुतार म्हणूनही ओळखत नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं. म्हणून त्याच दिवशी दुपारी वासुदेव अवेळी घरी आला आणि न जेवता टेबलाशी बसला, तेव्हा मी गॅस बंद केला आणि त्याच्यासमोर येऊन बसले.

"हद्दादला संध्याकाळपर्यंत नाव पाहिजे," तो म्हणाला. "लीडरचं."

"लीडर नाहीये म्हणून सांग."

"सांगितलं. तो हसला. म्हणाला, तूच ओळख करून दिलीस ना."

अनन्या, आमची मुलगी, तेव्हा तेरा वर्षांची, ताटातला वरणभात चिवडत होती. ती म्हणाली, "डॅड, जस्ट गिव्ह देम द बस."

मग वासुदेव एकदम सरळ बसला. हा माणूस असा सरळ बसला की मला भीती वाटते.

"भिकाजीने त्यांना कामावर पाठवलं तर?" तो म्हणाला. "एक हाक मारायचीय त्याने फक्त. सगळे उठतील. मग हद्दादला सांगता येईल, बघा, हा कंपनीचा माणूस आहे, यानेच संप मोडला. सगळेच सुटतील. तू चल माझ्याबरोबर. तुला तो नाही म्हणणार नाही."

आपण लिहिलेलं मानपत्र या माणसाला खरं वाटत होतं. मी तेव्हा त्याला तसं म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं पुष्कळदा वाटतं, पण त्या वेळी मलाही दुसरं काही सुचत नव्हतं. मी पर्स घेतली आणि निघाले.

दुपारी अडीच-तीनचं ऊन. गाडीतून उतरलं की घशाला कोरड पडावी असं. रस्त्याच्या कडेने बसेसच्या रांगेची जेवढी सावली पडली होती तेवढ्या पट्ट्यात माणसं एकमेकांना खेटून बसली होती. बाकीच्यांनी डोक्यावर ओली फडकी टाकली होती. पलीकडे पोलिसांच्या दोन गाड्या आणि त्यांच्या मागे हद्दादची काचा वर केलेली पांढरी गाडी. आश्चर्य म्हणजे सगळं शांत होतं. चिडलेलं कुणी दिसत नव्हतं, सगळे फक्त दमलेले दिसत होते.

वासुदेवने भिकाजीला बोलावून आणलं. तो आमच्या गाडीत मागच्या सीटवर बसला, कपडे धुळीचे म्हणून अगदी काठावर. मी पाण्याची बाटली दिली. अर्धी प्याला आणि उरलेली टोपण लावून परत दिली.

"इद्रीस कसा आहे?" मी विचारलं.

"पाय वाचेल म्हणतात."

वासुदेवने त्याला सगळं सांगितलं. एक हाक, सगळे उठतील, बाकीचं मी बघतो. भिकाजी ऐकत राहिला. साहेबांशी तो नेहमी पुस्तकातलं मराठी बोलायचा, दमला की मालवणी बाहेर यायची.

"माका कोण इचारता, साहेब," तो म्हणाला. मग सावरून पुन्हा आपल्या जपून बोलण्याकडे वळला. "मी हाक मारली आणि माणसं नाही उठली, तर तुम्ही तोंडघशी पडाल. उठली, तर मी पुढारी ठरेन."

"तसं होणार नाही. मी आहे ना."

"आणि बस? गेटपर्यंत?"

"इन्शाल्ला, महिन्याभरात रस्ता करून घेतो. शब्द देतो मी."

भिकाजी खिडकीबाहेर बघत बसला. मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली वळवली.

"बरं," तो म्हणाला. "तुम्ही एवढ्या लोकांत मला खुर्चीवर बसवलंत, माझ्यासाठी बोललात. तुमचा शब्द खाली पडायला नको."

तो उतरला. बसेस आणि पोलिसांच्या गाड्या यांच्या मधोमध, भर उन्हात जाऊन उभा राहिला. दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि कुकारा घातला.

मी काच खाली केली होती. त्या एवढ्या मोठ्या माणसाच्या छातीतून तो आवाज निघाला आणि भंगाराच्या पत्र्यांवर आपटून परत आला. क्षणभर काहीच हललं नाही. मग मागून कुणीतरी उलट दिला, मग आणखी कुणी, आणि चारशे माणसं उठली. खरोखरच उठली, एका हाकेसरशी. आणि धावत सुटली, भिकाजीच्या दिशेने. पोलीस गाड्यांतून खाली उतरले. त्या क्षणी मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. वासुदेवने तर माझा हात घट्ट धरला होता.

सगळ्यात पुढे तो पठाण बुलडोझरवाला होता. त्याच्या हातात कुठलासा पाइप होता. भिकाजीपाशी येऊन तो धापा टाकत इकडेतिकडे बघायला लागला.

"क्या हुआ, भिकाजी भाई?" तो म्हणाला. "किस को पकड़ा?"

कुकारा दुसऱ्या कशासाठी घालायचाच नसतो, हे वासुदेव विसरला होता. मीही विसरले होते. ती माणसं कामावर जायला उठली नव्हती. कुणीतरी सापडलंय म्हणून उठली होती.

"किसी को नहीं," भिकाजी म्हणाला. "पाइप नीचे रखो. बस में बैठो सब. रास्ता बनेगा, साब ने जुबान दिया है."

पठाण त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग पाइप टाकला आणि बसकडे वळला. त्याच्यामागून सगळे वळले. एकेक करून बसमध्ये चढले. भिकाजी शेवटच्या बसमध्ये शेवटी चढला. हद्दादची गाडी तेव्हा कुठे चालू झाली आणि हळूच निघून गेली.

वासुदेव ऑफिसला गेला तो खुशीतच. रात्री घरी आला तेव्हा बूट न काढता सोफ्यावर बसला. हद्दाद त्याच्याशी चांगलं बोलला होता, कॉफी मागवली होती. वासुदेवने अर्धा तास वकिली केली, हा आपला माणूस, यानेच संप मिटवला. हद्दादने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, माय फ्रेंड, जो त्यांना उठवू शकतो तो बसवूही शकतो. मे महिन्यात तू सांगितलंस ते मी भाषण समजलो होतो, आज डोळ्यांनी पाहिलं. खलास.

"आणि त्याच्या रवानगीच्या कागदावर सही?" मी विचारलं.

"पर्सोनेल मॅनेजरची लागते."

मला त्याचा भयंकर राग आला. आणि त्याच वेळी त्याची कीवही आली, म्हणून राग नीट काढताही आला नाही. आमचा व्हिसा त्याच्या नोकरीवर, घर नोकरीवर, अनन्याची शाळा नोकरीवर. त्याने सही केली नसती तर दुसऱ्या कुणी केली असती, असं तो म्हणाला. ते खरंही होतं. मी त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. ऊन जाऊन तास झाले होते तरी कठडा गरम होता.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा सरकारी कामं बघणारा माणूस साइटवर गेला आणि भिकाजीला अंगावरच्या कपड्यांनिशी घेऊन आला. भिकाजीने डोक्यावरचं हेल्मेट आणि कमरेचा हातोडा दुसऱ्या सुताराकडे दिला. कॅम्पवर परत जाऊ दिलं नाही, माणसं पुन्हा बसतील म्हणून. विमानतळावर भेटायला वासुदेव गेला होता, पण आत सोडलं नाही. ट्रंक मागाहून कार्गोने पाठवली.

रस्ता मात्र झाला. वासुदेवने दिलेला शब्द हद्दादने पाळला. तीन आठवड्यांत वाळूवर खडी पडली, रोलर फिरला आणि बसेस गेटपर्यंत जायला लागल्या. लुटारू दुसरीकडे कुठेतरी गेले असतील. त्या वाटेवर आता कुणी चालतच नव्हतं, त्यामुळे कुकारा घालायची वेळही कुणावर येत नव्हती.

गणपतीच्या आठवडाभर आधी फोन वाजला. लांबचा फोन, खरखर, मागे एसटीचा भोंगा.

"वहिनी, भिकाजी बोलतोय. देवगडहून, बूथवरनं."

कसे आहात, विचारलं. बरा आहे म्हणाला. पाऊस पुष्कळ आहे म्हणाला. मग विचारलं, "यंदा मखराचं काय केलंत?"

"थर्माकोलचं आणणार आहेत."

"नका आणू. मी एप्रिलातच प्लायवूड कापून ठेवलंय. कॅम्पात आमच्या खोलीच्या मागे ताडपत्रीखाली आहे. नुसतं खिळायचं बाकी आहे. साहेबांना जमेल."

"सांगते मी," म्हणाले. "भिकाजी, तुम्ही आमच्यावर रागावला असाल."

"छे हो," तो म्हणाला. "वहिनी, पैसे पडतायत इथे, पटकन एक सांगतो. इद्रीस आला ना परत कॅम्पात?"

"आलाय. पायाला प्लास्टर आहे अजून."

"मग त्याला माझ्या खाटेवर टाकला असेल, खालची आहे म्हणून. तिच्या वर ते मानपत्र आहे भिंतीला. साहेबांना म्हणावं तेवढं काढून घ्या. उद्या कुणी नवीन साहेब बघायला आला, त्याला कुणी वाचून दाखवलं, की चारशे माणसं उठवणारा हाच. त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर उगाच नको ते."

फोन कट झाला. अनन्या आतून ओरडली, "मॉम, हू वॉज इट?"

संध्याकाळी वासुदेवला सांगितलं, शब्दाला शब्द. त्याने ऐकलं, चहाचा कप तसाच ठेवला आणि गाडीची किल्ली घेऊन गेला. परत आला तेव्हा प्लायवूडचे तुकडे मागच्या सीटवर होते आणि फ्रेम डिकीत, पालथी. ती त्याने वर आणलीच नाही. जेवायला बसला तेव्हा खिशातून काहीतरी काढून टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवलं. गंजलेला, वाकडा झालेला खिळा.

"खिळा पण काढला," तो म्हणाला. "हातानेच."

त्याच्या बोटांना रक्त लागलं होतं. मी खिळा उचलून ड्रॉवरमध्ये टाकला, डेटॉल आणलं आणि मग त्याला वाढलं.